शनिवारची मैफल आणि राहून गेलेलं एक नाव

२०२५च्या फेब्रुवारीत बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. सर्वोत्तम कंट्री अल्बमचंही तिलाच. त्याआधीपासूनच सोशल मीडियावर भांडण पेटलं होतं : हे कंट्री आहे का? मुळात कंट्री कोणाचं?

कार्टर हे बियॉन्सेचं सासरचं आडनाव. पण कंट्री संगीतात एक ‘कार्टर’ घराणं तिच्या कितीतरी आधीपासून आहे. २०२७ मध्ये त्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगला शंभर वर्षं होतील. शताब्दी म्हटलं की हारतुरे आले, भाषणं आली. म्हणूनच आत्ताच विचारून घेऊ या, एखाद्या कुटुंबाच्या संगीताचा सन्मान करायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर तिथे स्थानिक गायकांचं रेकॉर्डिंग करायला आले. १ ऑगस्टला व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातून तिघं जण पोचले : ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि धाकट्या भावाची बायको मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, त्यात गरोदर. दोन दिवसांत सहा गाणी झाली, आणि एका गाण्याचे मिळाले पन्नास डॉलर.

गटाला नाव ए. पी.च्या कुटुंबाचं. पण मुख्य आवाज साराचा आणि गिटार मेबेलची. तुमच्यापैकी जे गिटार वाजवतात त्यांनी एक करून बघा. अंगठ्याने खालच्या स्वरांच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ठेका धरायचा. हाच मेबेलचा ‘कार्टर स्क्रॅच’. तोवर बहुतेक ठिकाणी साथीपुरती असलेली गिटार यामुळे पुढे आली. पुढे बँजो, फिडल, मँडोलिनच्या वेगवान ब्लूग्रासवाल्यांनीही ही गाणी आपली केली. फ्लॅट आणि स्क्रग्ज या गाजलेल्या जोडीने १९६१ मध्ये कार्टर कुटुंबाच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, तोही मेबेलला सोबत घेऊन.

मग सन्मान आले. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, १९९३ मध्ये टपाल तिकीट. २०१४ मध्ये ब्रिस्टलला मोठं संग्रहालय उभं राहिलं. हे सगळं छानच आहे. पण तिकिटावरचं चित्र गात नाही.

गाणं चालू ठेवलं ते ए. पी.च्या मुलीने. ए. पी. १९६० मध्ये गेले. त्यांचं संगीत जिवंत ठेवीन, असा शब्द जॅनेटने वडिलांना दिला होता. १९७४ मध्ये तिने त्यांच्या जुन्या किराणा दुकानात दर आठवड्याला कार्यक्रम सुरू केले. गर्दी मावेना, तेव्हा १९७६ मध्ये शेजारीच ‘कार्टर फॅमिली फोल्ड’ नावाचं साधं सभागृह बांधलं. नियम कडक : दारू नाही, विजेवरची वाद्यं नाहीत. अपवाद झाला तो जावयासाठी. जॉनी कॅश हा मेबेलच्या मुलीचा, जूनचा नवरा. जून गेल्यावर दोनच महिन्यांत, ५ जुलै २००३ ला, तो याच स्टेजवर बसून गायला. तो त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला. जॅनेट २००६ मध्ये गेली आणि जबाबदारी तिच्या मुलीकडे आली. शनिवारची मैफल तिने चालू ठेवली.

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण अर्धाच राहील. कारण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि त्याचं आडनाव कार्टर नाही.

ए. पी. डोंगरांतल्या वस्त्यांमधून फिरून जुनी गाणी गोळा करायचे. शब्द ते लिहून घेत. चाल मात्र लक्षात ठेवायचा त्यांचा सोबती लेझ्ली रिडल, एक कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. काळ उघड वर्णभेदाचा. अशा दिवसांत हे दोघे घरोघरी हिंडले. आजच्या भाषेत सांगायचं तर, तो या गटाचा चालताबोलता व्हॉइस रेकॉर्डर होता. पण जमवलेल्या कित्येक गाण्यांच्या कॉपीराइटवर नाव लागलं ते ए. पी.चं. रिडल विस्मरणात गेला. १९६० च्या दशकात माइक सीगर यांनी त्याला शोधून त्याचं वादन ध्वनिमुद्रित केलं. तो अल्बम आला १९९३ मध्ये, म्हणजे कार्टर कुटुंबाचं टपाल तिकीट निघालं त्याच वर्षी. तेव्हा रिडल या जगात नव्हता.

आता बियॉन्सेच्या भांडणाकडे परत या. ‘कंट्री गोऱ्यांचं’ असं ठासून सांगणाऱ्यांना हे माहीतच नसतं, की बँजोचं मूळ आफ्रिकेत आहे आणि कंट्रीच्या ‘पहिल्या कुटुंबा’च्या झोळीतली गाणी एका कृष्णवर्णीय माणसाने लक्षात ठेवलेली आहेत. साथीदारांची नावं राहून गेली की इतिहास खोटा होत नाही, पण मालकी चुकीच्या हातात जाते.

यामुळे कार्टर कुटुंबाचं काम लहान होतं का? अजिबात नाही. आपल्याकडे घराणं म्हटलं की फक्त रक्ताचं नातं धरत नाहीत. गुरू, शिष्य, साथ करणारे सगळेच त्यात येतात. कार्टर ‘घराणं’ही तसंच मोजायला हवं. माझ्या मते सन्मानाच्या कसोट्या दोनच. त्या कुटुंबाचं गाणं एखाद्या साध्या शनिवारी कोणी वाजवतंय का? आणि ते सांगताना सगळ्यांची नावं घेतली जातायत का? जॅनेटने पहिली कसोटी पार केली. दुसरी अजून बाकी आहे, आणि २०२७ ही त्यासाठी चांगली संधी आहे.

तोवर आपण घरापासून सुरुवात करू. पुढच्या गॅदरिंगला तुमच्या बँडचं पोस्टर कराल ना, तेव्हा ढोलकीवाल्याचं आणि चाल बसवून देणाऱ्या मित्राचं नावही लिहा. गायकाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत.