मत दाखवा, पत्ता झाका

शहापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांनी एका सरकारी मसुद्यावर इंटरनेटवरून हरकत नोंदवली. 'पाठवा' हे बटण दाबून झाल्यावर त्यांना रुखरुख लागली, की आपले नाव, मोबाइल, ई-मेल हे सारे गेले कुठे आणि आता ते कोण कोण वाचणार? माझे पोट संकेतस्थळे बांधण्यावर चालते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येतेच.

अशी बरीच संकेतस्थळे पीएचपी नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेली असतात. तिच्या जन्माची हकीकत मजेशीर आहे. रास्मुस लेर्डॉर्फ नावाच्या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने १९९४ मध्ये आपला बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता. तो कोण पाहून जाते हे कळावे म्हणून त्याने काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि त्यांना 'पर्सनल होम पेज टूल्स' असे घरगुती नाव दिले. जून १९९५ मध्ये ते त्याने सर्वांसाठी खुले केले. पुढे त्यात लोकांनी भरलेले फॉर्म स्वीकारायची सोय आली. म्हणजे दारात कोण डोकावले ते टिपायचे आणि कोणी काय लिहून दिले ते ठेवून घ्यायचे, ही या भाषेची मूळ कामे! पुढे विकिपीडिया याच भाषेत उभा राहिला, फेसबुकची सुरुवातही हिच्यातच झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची ८.५ ही आवृत्ती आली. तिशी ओलांडली तरी बाई अजून कामावर आहेत.

आता तुमच्या अर्जाचे काय होते ते सांगतो. पतपेढीची खतावणी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ई-मेल, तिसऱ्यात मोबाइल, चौथ्यात तुमचे मत. बटण दाबले की प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात जाऊन बसते. यातला कोणता रकाना जगाला दाखवायचा आणि कोणता कपाटात ठेवायचा, हे पान लिहिणारा ठरवतो, आणि त्याला तसे सांगणारे कार्यालय ठरवते. चौथा रकाना दाखवून दुसरा-तिसरा झाकायला एखादी ओळ लिहावी लागते, फार तर दोन. त्यामुळे 'संगणकाने आपोआप सगळे दाखवले' असे कोणी सांगू लागले, तर माझ्यासारखा माणूस गालात हसतो.

ही ओळ लिहिली नाही की काय होते, ते देशाने २०१५ मध्ये पाहिले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्या वर्षी मार्चमध्ये इंटरनेटवरच्या सेवांबाबत लोकांची मते मागवली. इंटरनेट सर्वांना समान मिळावे, कंपन्यांनी त्यात आवडती-नावडती करू नये, असा आग्रह धरून दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. सरकारी कामकाजाच्या एका किचकट कागदावर एवढे लोक बोलले, याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले होते. आलेली मते जाहीर करायची हा ट्रायचा रिवाज, आणि रिवाज चांगलाच. पण २७ एप्रिलला ती मते पाठवणाऱ्यांच्या नावांसह आणि ई-मेल पत्त्यांसह जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली गेली. फुकटात जाहिराती पाठवणाऱ्यांना आणि ठकसेनांना आयती यादी मिळाली. ते अर्ज नव्हते, ई-मेल होते हे खरे. पण ई-मेलचा पत्ताही मजकुरापासून वेगळा काढता येतो, त्याला काही मोठी विद्या लागत नाही. लोकांचे बोलणे मात्र वाया गेले नाही. याच वादाच्या पुढच्या फेरीनंतर, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, संकेतस्थळ पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायला ट्रायने मनाई केली.

हे झाले एक टोक. दुसरे टोक अगदी अलीकडचे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला. त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि त्यावर मते मागवली गेली. या वेळी मंत्रालयाने सांगितले, की आलेले कोणतेही मत कोणत्याही टप्प्यावर कोणालाही दाखवले जाणार नाही. लोकांनी मोकळेपणाने लिहावे हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पक्के झाले. पण बड्या कंपन्यांनी काय मागितले, तुमच्या-आमच्यासारख्यांनी काय मागितले आणि सरकारने कोणाचे ऐकले, हे ताडून पाहायला आपल्या हाती त्या मतांचा गठ्ठा नाही. पत्ता झाकायला सांगितला, तर यांनी अख्खी खतावणीच कपाटात घालून किल्ली खिशात टाकली!

कोणी म्हणेल, बंद असली तर बिघडले काय? बिघडते कसे ते अमेरिकेत दिसले. इंटरनेटच्या समानतेच्याच प्रश्नावर तिथल्या दूरसंचार आयोगाकडे २०१७ मध्ये दोन कोटी वीस लाखांवर मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यातली सुमारे एक कोटी ऐंशी लाख खोटी होती. पंच्याऐंशी लाख मते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून, खऱ्या माणसांच्या नावावर परस्पर खपवलेली होती. एकोणीस वर्षांच्या एका कॉलेजकुमाराने तर बनावट नावांनी सत्त्याहत्तर लाख मते धाडली होती. ती मते जाहीर होती म्हणून लोकांना आपले नाव शोधता आले, आणि 'अहो, हे मी लिहिलेच नाही' असे सांगता आले. सगळे कपाटबंद असते तर कळले असते कोणाला?

पीएचपीच्या गोतावळ्यातही असाच एक प्रसंग घडला. या भाषेचा कारभार उघड्यावर चालतो. बदल सुचवायचा तर तो लिहून मांडायचा, त्यावर चर्चा आणि मग मतदान. दोन तृतीयांश कौल मिळाला तरच बदल होतो. कोणी कोणता कौल दिला हे कोणालाही पाहता येते, मात्र तिथे दिसते ते खात्याचे नाव, घरचा पत्ता नव्हे. मार्च २०२१ मध्ये कोणीतरी लेर्डॉर्फच्या आणि दुसऱ्या एका जाणत्या सहकाऱ्याच्या नावाने भाषेच्या मूळ मजकुरात दोन बदल घुसवले. वरवर शुद्धलेखनाची दुरुस्ती, आतून चोरदरवाजा. पण प्रत्येक बदल सर्वांसमोर येतो, त्यामुळे इतरांनी काही तासांतच तो पकडला. तो टिकता तर पुढे किती संकेतस्थळांची कुलुपे उघडी पडली असती!

तेव्हा भगिनींना सांगणे असे. हरकत नोंदवलीत हे उत्तम केलेत, पुढेही नोंदवा. फक्त अर्जावर लाल फुली नसलेला रकाना रिकामा सोडा, मागितले नसेल तर मोबाइल देऊ नका. मते जाहीर होणार का आणि नावानिशी होणार का, हे आधी वाचा. तसे लिहिलेलेच नसेल, तर तीच पहिली हरकत म्हणून नोंदवा. २०२३ च्या कायद्यानुसार तुमची संमती घेऊन माहिती मागणाऱ्याला, ती कशासाठी हवी याची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीतही. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार हे बंधन अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहे. आपल्या सीमाभागात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक. आपल्याला शाळेत पत्रलेखन शिकवले ते असे, की मजकूर संपला की 'आपली विश्वासू', त्याखाली सही आणि त्याखाली घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत सारे. इंटरनेटवरच्या मताच्या चौकटीतही पुष्कळ मंडळी तसेच लिहितात. मग माझ्यासारख्याने दुसरा-तिसरा रकाना कितीही झाकला, तरी चौथ्यातून पत्ता बाहेर पडतोच. त्या चौकटीत फक्त मत लिहा, 'आपली विश्वासू'च्या आधीच थांबा.