वेगळे काढलेले ताट

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचा विषय पाहून काही भगिनी नाक मुरडतील. फराळाचे ताट पुढे आणि हे काय अभद्र! पण मला सांगायची गोष्ट ताटाचीच आहे.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणावयाचे) एका रुग्णालयात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते. पाथर्डीकडच्या एक बाई स्तनात गाठ झाली म्हणून आल्या. तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी मुलाला आत बोलावले. बाई बाहेर बाकावर. मुलगा डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "साधी गाठ आहे, आई." बाईंनी माझ्याकडे पाहिले. मीही मान डोलावली. खरे सांगितले तर बाई हाय खाईल, असे आम्हां सर्वांनाच वाटे.

हाय तिने खाल्लीच. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चौथ्या रात्री मी गोळ्या घेऊन गेले, तेव्हा हळूच म्हणाली, "सिस्टर, सुनंनं माझं ताट-तांब्या येगळा काढलाय. नातवाला जवळ येऊ देईना. मग माझं दुखणं साधं कसं?"

मी स्टूल ओढून बसले आणि तो शब्द उच्चारला. हा रोग ताटातून, श्वासातून किंवा मांडीवर घेतल्याने कुणाला लागत नाही, हेही सांगितले. ती रडली नाही. "लागत नाही ना? नक्की?" असे दोनदा विचारले, एवढेच. सकाळी डॉक्टर रागावले. त्यांचे रास्तच होते, निदान सांगण्याचा अधिकार त्यांचा. पण दुपारी त्यांनीच तिच्याजवळ बसून सगळे उपचार समजावले. संध्याकाळी सून आली, तेव्हा तिच्यादेखत मी त्या वेगळ्या तांब्यातले पाणी प्याले.

एकदा मन मोकळे झाले की आपले काम झाले, असे मी समजत होते. पुढे एक पाहणी वाचली. इंग्लंडात मँचेस्टरच्या पीटर मॅग्वायर यांनी ती १९८० साली प्रसिद्ध केली. स्तन काढावा लागलेल्या १५२ स्त्रियांपैकी निम्म्या जणींकडे एक परिचारिका नेमाने जाई. तिच्या धीराच्या शब्दांनी खिन्नता टळली नाही! मात्र पुनःपुन्हा गेल्यामुळे ती खिन्नता तिला ओळखू आली, आणि अशा बायकांना तिने वेळेवर मनोविकारतज्ज्ञाकडे धाडले. वर्ष-दीड वर्षाने तिच्या गटात शेकडा १२ जणींना मानसिक त्रास उरला होता. दुसऱ्या गटात ३९ जणींना.

म्हणजे गोड बोलण्याहून पुन्हा जाण्याला मोल अधिक. झोप उडाली, अन्न टाकले, घरातले काही विचारीनाशी झाली, "आता माझं काय राहिलं" म्हणू लागली, की "धीर धरा" म्हणून उठू नये, डॉक्टरांना कळवावे.

पण जाणार कोण? उपचाराला आमच्याकडची माणसे बार्शीला जातात, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ते तर १९४१ पासून उभे आहे. मग बाई एसटीने वस्तीवर परतते, आणि तिथे परिचारिका पोहोचत नाही. याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात शोधावे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. गावोगावच्या बायका, कित्येक तर निरक्षर, त्यांनी आरोग्याच्या कामाला तयार केल्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, पोरांच्या जुलाबावर साखर-मिठाचे पाणी देऊ लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी बाई हे शिकते, तिला कर्करोगाच्या रुग्णाकडे दर आठ दिवसांनी जाऊन बसणे का जमू नये? शिवाय ती गावचीच. सासूशी बोलेल आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेशीही. आज खेडोपाडी आशाताई आहेत. कामांचे ओझे त्यांच्यावर आधीच आहे, हे मी जाणते. या कामाचा मोबदला वेगळा दिला पाहिजे.

माझ्या त्या बाई उपचार घेऊन घरी गेल्या. निघताना हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, दिवाळीला या. एकाच ताटात जेवू." मी गेले नाही. रजा मिळाली नाही, असे तेव्हा मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मी ती मागितलीच नव्हती.