बंपर नावाची खिडकी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे नाशिकच्या मामाची गाडी आणि माझा आगाऊपणा.

झालं असं, की दिवाळीत मामाच्या नव्या गाडीचा मागचा बंपर फाटकाला घासला. उजव्या कोपऱ्यात पोचा आला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, अख्खा बंपर बदला. आकडा ऐकून मामाने मला फोन केला. "अरे, तू बंपरच बनवतोस ना? मग सांग, एवढ्याशा प्लास्टिकला इतके पैसे?" मी गेली वीस वर्षं गाड्यांचे प्लास्टिकचे भाग डिझाइन करतोय. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मामा, काही बदलू नका. ओळखीच्या गॅरेजमधून पुट्टी मारून घ्या, रंग द्या, कळणारही नाही."

आणि खरंच कळलं नाही. कोणालाच. महिन्याभराने हायवेवर लेन बदलताना आरशातला पिवळा दिवा लागला नाही, म्हणून मामा निर्धास्त वळला. शेजारी मोटारसायकल होती. पोराने ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, दोन शिव्या दिल्या आणि सुखरूप गेला. त्या शिव्या खरं तर मला मिळायला हव्या होत्या.

कारण त्या कोपऱ्यामागे रडार बसवलेला असतो.

आता थोडं शास्त्र (कंटाळू नका, थोडंच आहे). आजकालचे बहुतेक गाड्यांचे रडार 77 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. म्हणजे लहरीची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर. प्लास्टिकच्या आत ती आणखी आखडते, साधारण 2.6 मिलिमीटर होते. बंपरची जाडी याच्या निम्म्याच्या पटीत ठेवली, तर बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि रडारच्या दृष्टीने बंपर जवळजवळ काच होतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की तीच काच धुरकट. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात, त्यांचा हिशेब वेगळा. आणि पुट्टीचा थर सहज मिलिमीटरभर चढतो.

शिवाय लहर जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा दोनदा पडदा ओलांडते. दर वेळी निम्मी शक्ती गेली, तर रडारचा पल्ला सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. बंपरचा वाकडेपणा लहरीला वळवतो ते निराळंच. एका अंशाची चूक 100 मीटरवर पावणेदोन मीटर होते. म्हणजे अर्धी लेन! पुढची गाडी आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हाच गोंधळ.

हे सगळं आम्हा डिझाइनवाल्यांना माहीत असतं. 1998 मध्ये मर्सिडीजने एस-क्लासमध्ये रडारवर चालणारा क्रूझ कंट्रोल दिला, तेव्हापासून ही डोकेदुखी चालू आहे. क्रोमच्या चकचकीत बोधचिन्हातून रडारला दिसत नाही, म्हणून प्लास्टिकवर इंडियमचा असा पातळ थर देतात, की त्याची एकमेकांना न चिकटलेली सूक्ष्म बेटं बनतात. डोळ्याला धातू, रडारला मोकळी वाट. किती सुंदर कल्पना! इतकी अक्कल आम्ही गाडी देखणी दिसावी म्हणून खर्च केली. पण गॅरेजमधल्या पोराला "इथे पुट्टी लावू नकोस" एवढं सांगायला जमलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या दुरुस्तीच्या सूचनांत रडारसमोर पुट्टी नको असं लिहिलेलं असतं. पण त्या सूचना गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचतात का? बंपरच्या आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली एक चौकट आणि चार शब्द, याला खर्च तो काय? दुसरं म्हणजे रडारसमोरचा तुकडा वेगळा, बदलता येण्याजोगा करा. मधे एक फट दिसेल, स्टायलिंगवाले नाक मुरडतील. मुरडू देत. एका पोच्यासाठी अख्खा बंपर बदला म्हटलं, की माणूस पुट्टीकडेच वळणार. त्याला कंजूष म्हणण्यात अर्थ नाही.

युरोपात 2024 च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही 2021 मध्ये आलेल्या एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांपासून रडार मध्यमवर्गाच्या दारात आला. हे चांगलंच आहे. पण त्या दिव्यावर विसंबायची सवय लागते, आणि आंधळा झालेला रडार दर वेळी "मला दिसत नाही" असं सांगतोच असं नाही. मामाच्या गाडीने तरी सांगितलं नाही.

असो. मामाने शेवटी नवा बंपर बसवला. निम्मे पैसे मी देतो म्हटलं तर रागावला. म्हणाला, "पैसे ठेव तुझ्याकडे. पुढच्या बंपरवर आतून लिही काहीतरी."

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी ती चौकट मांडणार आहे.