अंतुले आपले, मग हिशोबही आपलाच

"आपल्या माणसाला अडकवलं." म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं नाव निघालं की कोणीतरी हे म्हणतंच. गेल्या ईदला आमचे चाचा म्हणाले. पुण्यात नोकरी करणारा माझा चुलत भाऊ लगेच दुसऱ्या टोकाला गेला: "सिमेंट घोटाळा करून त्यांनी आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावली." मला दोघांचंही पटलं नाही.

आधी काय घडलं ते पाहू. सावित्री नदीकाठच्या आंबेत गावात 1929 साली जन्मलेला हा मुलगा लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, आमदार झाला आणि जून 1980 मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. त्याआधी या पदावर मुस्लिम व्यक्ती बसली नव्हती आणि त्यानंतरही बसलेली नाही. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळालं. संजय गांधी निराधार योजना त्यांनीच सुरू केली. गावात विधवा आणि निराधार बायका आजही त्या अनुदानासाठी तहसीलला जातात. त्यात आपल्या घरांतल्याही असतात आणि शेजारच्या आगरी-कोळ्यांच्या घरांतल्याही. हे त्यांचं काम कोणी नाकारू नये.

आता दुसरी बाजू. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. कोणाला किती पोती द्यायची हे सरकार ठरवायचं आणि टंचाई मोठी होती. त्याच काळात मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही ट्रस्ट उभे केले. 31 ऑगस्ट 1981 रोजी अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये या देणग्यांचं प्रकरण बाहेर काढलं. 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की बिल्डरांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा परस्परांशी संबंध होता. अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो: मंजुरी देणारा आणि पैसे घेणारा एकच माणूस असता कामा नये. तो कितीही प्रामाणिक असला तरी नाही. इथे सिमेंटचा परवाना आणि देणगीची पावती एकाच दाराशी येऊन थांबत होती. पैसा खिशात गेला की ट्रस्टमध्ये, हा प्रश्न नंतरचा. चाचांचं "त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही" हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही.

पण "अडकवलं" या शब्दाचंही काय होतं ते बघा. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थेट उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की तो आदेश देण्यात आपलीच चूक झाली आणि आरोपीच्या हक्कांवर गदा आली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक दुरुस्त केली, तीही अंतुले नावाच्या आरोपीसाठी. खटल्याला किती विलंब चालेल याचा विचार करताना आजही कोर्टात अंतुल्यांच्याच खटल्यातला नंतरचा निकाल सांगितला जातो. त्यांना शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही. ते पुन्हा निवडून आले आणि केंद्रात मंत्रीही झाले.

विलंबाचा राग येतोच. मग कोणीतरी चीनचं उदाहरण देतं. तिथल्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख राहिलेले जियांग जिएमिन 2013 मध्ये सगळ्या सरकारी कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची चौकशी जाहीर झाली आणि ऑक्टोबर 2015 मध्ये 16 वर्षांची शिक्षा. झटपट काम! पण कोणाला पकडायचं हे तिथे पक्ष ठरवतो. जियांग ज्यांचे निकटवर्ती मानले जात, ते झोऊ योंगकांगही त्याच सुमारास पडले. सत्तेतल्या मुख्यमंत्र्याला वर्तमानपत्र आणि न्यायालय मिळून खाली खेचतात, ही गोष्ट तिथे घडली नसती. अल्पसंख्याकांना तर संथ पण स्वतंत्र न्यायालयच हवं.

आता माझ्या भावासाठी. 1986 मध्ये मुलीच्या परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. 2010 मध्ये आदर्श प्रकरणात अशोक चव्हाणांना सोडावं लागलं. त्यांच्या समाजाला कोणी मान खाली घालायला सांगितली का? नाही, आणि तेच बरोबर आहे. मग अंतुल्यांचा डाग आपण आपल्या अंगावर का घ्यायचा? पण ही सूट दोन्हीकडून लागू होते. त्यांची चूक समाजाची नसेल, तर त्यांचा बचाव करणं हेही समाजाचं कर्तव्य नाही.

हे जुनं प्रकरण आज उकरण्याचं कारण घरातलंच आहे. मागच्या वर्षी आमच्या जमातीच्या बैठकीत मी मदरशाच्या बांधकाम निधीचा लेखी हिशोब मागितला. उत्तर आलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच पैसे दिले, आता हिशोब द्या. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पोरगा चुकीचं बोलत नाही. अमानत आहे ती." आता दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद मशिदीबाहेर लागतो. कोणी चोर निघाला नाही. देणग्या मात्र वाढल्या.

अंतुल्यांचा अभिमान जरूर बाळगू या. पण "आपला माणूस" म्हणून ज्याला खांद्यावर घेतो, त्याच्याकडे पावती मागायची सवयही लावून घेऊ या. सुरुवात आपल्या जमातीपासून, आपल्या सोसायटीपासून, आपण मत दिलेल्या नगरसेवकापासून करता येईल. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा हा एक प्रश्न घेऊन जा.