पुस्तकाआधी प्रश्नपत्रिका

तुमसर तालुक्यातील चिखला या मॉयलच्या मँगनीज खाणीमुळे ओळखल्या जाणाऱ्या गावातून एमबीएकडे वळणाऱ्या पदवीधराने पुस्तकांवर पैसे घालण्यापूर्वी परीक्षेची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण राज्याची सीईटी आणि आयआयएमसाठीची कॅट यांची तयारी एकसारखी नसते. सीईटीत २०० प्रश्नांसाठी १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद मिळतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यातील ७५ प्रश्न तर्कक्षमतेचे व २५ अमूर्त तर्काचे, म्हणजे आकृत्यांमधील क्रम ओळखण्याचे असल्याने गणिताचा एकच जाडजूड ग्रंथ पुरत नाही. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा होतो, त्यामुळे तेथे कोणता प्रश्न सोडून द्यावा, हेही शिकावे लागते. गणिताचा पाया कच्चा असेल तर आर. एस. अग्रवाल यांच्या पुस्तकातून शेकडेवारी, गुणोत्तर आणि काळ-काम-वेग पक्के करावेत, आणि मगच अरुण शर्मा यांच्या, पायरीपायरीने अवघड होत जाणाऱ्या उदाहरणांकडे वळावे. हा क्रम उलटला तर हुशार विद्यार्थीही हकनाक खचतो. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी कसोटी इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनात लागते. नॉर्मन लुईस यांचे १९४९चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ शब्दांची मुळे उलगडून दाखवते; तरीही रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा आशय दोन ओळींत मराठीत उतरवणे अधिक फलदायी ठरते, आणि त्यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही.