ज्याने कधी कर्ज काढले नाही

मा. गव्हर्नर महोदय,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस,



प्रथमच कर्ज मागणाऱ्या मनुष्याचा अर्ज, त्याच्या नावे कर्जफेडीचा पूर्वेतिहास नाही एवढ्याच कारणास्तव नामंजूर करू नये, असे आपल्या बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सर्व बँकांस बजावले, आणि त्याच वर्षी ऑगस्टात अर्थखात्याच्या राज्यमंत्र्यांनी लोकसभेत त्याचा पुनरुच्चारही केला. परंतु मुंबईहून निघालेला हुकूम उज्जैनमधल्या एखाद्या शाखेतील गृहकर्जाच्या मेजापाशी पोहोचेतो त्याचे काय होते, हे आपल्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ दौलतगंजातील एका पेढीवर हिशेबनीस आहेत. वडिलांपासून चालत आलेले भाड्याचे बिऱ्हाड, दरमहा बिनचूक चुकते होणारे भाडे, विजेचे एकही देयक थकलेले नाही, आणि ऋण म्हणजे नामुष्की हा घरचा संस्कार. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा आपल्याच नियमांनी दिलेली असल्याने, उरलेला दशमांश त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुदत ठेवीत साठविला होता. असे असता एका बँकेत त्यांचा पतअहवाल काढला गेला तेव्हा ३०० ते ९०० यांमधील गुणांकाच्या जागी ‘एनएच’ एवढीच अक्षरे उमटली, म्हणजे इतिहासच नाही. आणि लेखी नकार न देता त्यांना तोंडी सांगण्यात आले की, हप्त्यांवर एखादा मोबाईल घ्या, सहा महिने फेडा, मग या. नको असलेल्या वस्तूसाठी ऋण काढल्यावाचून हव्या असलेल्या घरासाठी ऋण मागण्याची पात्रता येत नाही, हा न्याय त्यांना उमगला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

शिंदे सरकारची राजधानी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस जाण्यापूर्वी याच उज्जैनमध्ये होती, आणि माळव्याच्या सावकारांच्या हुंड्या दूरदूर वटत असत. तो सावकार कर्जदाराचे घराणे, धंदा आणि वर्तन जाणून कर्ज देई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. ज्याचे घराणे सावकारास ठाऊक नव्हते किंवा ज्याची जात त्यास रुचत नव्हती, त्याची तेथे काय गत होत असेल हे कोणीही ताडू शकेल, आणि त्या मानाने आजचा निर्विकार गुणांक पुष्कळ अधिक न्यायी आहे. परंतु त्या सावकारास निदान एवढे कळत असे की, ज्याने कधी उधारी केली नाही तो बुडव्या नव्हे.

हल्ली दिसते ते असे की, महाकालाच्या परिसरातील ज्या फूलविक्रेत्याने २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून दहा हजारांचे कर्ज घेऊन वेळेवर फेडले, त्याच्या नावे नोंद तयार झाली, आणि ती व्हावी यात मला आनंदच आहे. आमच्या हिशेबनिसांचे पान मात्र कोरेच. मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यावे, त्यावर किराण्यासारखा नित्याचाच खर्च करून मुदतीपूर्वी पूर्ण रक्कम भरावी, एकाच वेळी चार बँकांत अर्ज करू नयेत, आणि हे सर्व घर पाहण्याच्या वर्षभर आधी आरंभावे, इतके त्यांना कोणी सांगितले असते तर मोबाईलचा प्रश्नच उद्भवला नसता. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकालात न निघाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय होते, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आपले नियम चांगले आहेत. ते ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापर्यंत ते जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

कर्ज नाकारण्याचे कारण अर्जदारास लेखी कळवावे, हा दंडक आपल्या दफ्तरी जुनाच आहे. तो तोंडी बोळवणीने टाळता येऊ नये यासाठी, अर्जाची पोच व निकाल या दोहोंची नोंद प्रत्येक शाखेत सक्तीची करावी. आणि पूर्वेतिहास नसलेल्याच्या बाबतीत भाड्याच्या पावत्या, विजेची देयके व बचत खात्याचे उतारे यांपैकी काय ग्राह्य धरावे, याचा स्पष्ट मसुदा हिंदीत व स्थानिक भाषेत शाखेच्या फलकावर लावण्यास फर्मावावे. आमच्या हिशेबनिसांनी गेल्या दहा वर्षांच्या भाडेपावत्या तारीखवार लावून ठेवल्या आहेत.

कळावे,
आपला,
उज्जैन येथील एक ठेवीदार