मनीप्लँट आणि मोत्या

त्या दिवशी आम्ही कचेरीतून परतलो तो चाळीच्या गॅलरीत ही गर्दी! मध्यभागी मोत्या पडलेला. मोत्या म्हणजे चाळीतल्या पोरांनी घासातला घास देऊन वाढवलेला कुत्रा. तोंडातून लाळेची धार लागली होती. पंजाने तो सारखे तोंड खरवडत होता, पाणी पुढे केले तरी मान फिरवत होता. आमची धाकटी रडून बेजार झाली होती.

"शेवटच्या खोलीतल्या आजींनीच काहीतरी खायला घातलं," असे कुणीतरी म्हणाले आणि बघता बघता सगळेच तसे म्हणू लागले. आजींना कुत्र्याच्या भुंकण्याचा त्रास होतो, एवढा पुरावा लोकांना पुरला. आजी आपल्या दारात गप्प उभ्या होत्या.

आम्ही गॅलरीत इकडेतिकडे पाहिले. आमच्याच खिडकीतल्या बाटलीतला मनीप्लँट खाली ओढलेला, पानांचा चोथा जमिनीवर पडलेला. म्हणजे आरोपी आमच्याच घरचा!

मनीप्लँट हा अळूच्या कुळातला वेल. अळू कच्चे राहिले, चिंच कमी पडली की घसा कसा खाजतो, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. ती खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांची. तसलेच स्फटिक मनीप्लँटच्या पानात आणि देठात असतात. कुत्र्याने पान चावले की ते जिभेत, घशात टोचतात. तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते, कधी उलटीही होते. पाहणाऱ्याला वाटते, कुणी विष घातले. पण यात सहसा जीव जात नाही. बहुधा दिवसभरात उतार पडतो.

अशा वेळी ओल्या फडक्याने तोंडातला चोथा काढावा, तोंड पाण्याने धुवावे. गिळता येत असेल तर थोडे दूध किंवा दही द्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी मुळीच काढू नये, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. घसा सुजून श्वास अडू लागला किंवा उलट्या थांबेनात, तर चावलेले पान सोबत घेऊन जनावरांचा डॉक्टर गाठावा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. रांगत्या मुलाने हे पान चघळले तरी तोंडाची अशीच आग होते, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र प्रत्येक झाडाला हाच हिशेब लावू नये. कण्हेरीचे पान, फूल, अगदी वाळलेला पालासुद्धा हृदयावर घाला घालतो. शोभेच्या सायकसच्या, विशेषतः त्याच्या बियांच्या विषाने यकृत निकामी होते. ही झाडे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता निघावे. कुत्र्याच्या घरी कुंडी हवीच असेल तर मोगरा, स्पायडर प्लँट किंवा अरेका पाम लावावा. ही झाडे त्याला विषारी नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोत्याने दूधभात खाल्ला. आम्ही मनीप्लँटची बाटली छताच्या हुकाला टांगली. वेल खाली लोंबू लागला की कात्री लावतो.

मग धाकटीला घेऊन आम्ही आजींच्या खोलीत गेलो. आमच्या वेलामुळे त्यांच्यावर आळ आला होता. आम्ही माफी मागितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "जेवला का रे तो?"

आदल्या दिवशी गॅलरीत बोलणारे बरेच होते. आजींच्या दाराशी मात्र आमच्याखेरीज कुणी गेले नाही.